दारावरचा कागद आणि माझा खुलासा

पाचशे वर्षांपूर्वी पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या जर्मन साधूचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकतीस वर्षं बी.ए.च्या उत्तरपत्रिकांत ते नाव मी इतक्या तऱ्हांनी लिहिलेलं वाचलं आहे, की आता त्यातलं खरं कोणतं याचीच मला शंका येते. दरवर्षी दोघं-तिघं नामसाधर्म्यानं त्याला अमेरिकेत नेऊन गोळी घालत. एकानं त्याला थेट पोप केलं होतं. एका पोरीनं लिहिलं होतं, की ते स्वभावानं फार शांत होते. हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

रायपूरच्या एका सरकारी महाविद्यालयात मी अर्वाचीन युरोप शिकवला. इतिहासाच्या मास्तरकीचं कसब बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ते एवढंच: कारणं, स्वरूप, परिणाम. जगातली कुठलीही उलथापालथ घ्यायची, या तीन डब्यांत बसवायची आणि पोरांच्या हातात द्यायची. धर्मसुधारणेची कारणं सहा, परिणाम आठ. पोरं ते पाठ करत, परीक्षेत उतरवत आणि सुखानं घरी जात. कुणाला काही होत नसे. माझी तक्रारही तीच होती. स्टाफरूममध्ये मी नेहमी म्हणायची, की मी एवढा मोठा भूकंप शिकवते आणि समोरच्या बाकावरची धूळसुद्धा हलत नाही.

तक्रारी जपून कराव्यात. कधीकधी त्यांची दखल घेतली जाते.

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा दानसाहेब घरी आले. खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये काम करणाऱ्या उपदेशकांसाठी रायपुरात एक छोटी शाळा चालते, तिचे ते प्राचार्य. त्यांच्याकडे 'ख्रिस्ती धर्माचा इतिहास: धर्मसुधारणा ते आज' असा एक पेपर होता आणि शिकवायला माणूस नव्हतं. माणसं मिळाली नव्हती असं नाही, तीन मिळाली होती. पहिल्या सरांनी जर्मन साधू असा शिकवला, की तो मागच्याच आठवड्यात वारला आहे आणि सर तेराव्याहून आले आहेत. बाकीच्या पंथांच्या मंडळ्यांनी तक्रार केली. दुसऱ्यांनी येशूच्या शिष्यांपासून जी उडी मारली ती थेट स्वतःच्या पंथाच्या स्थापनेवर, मधली अठराशे वर्षं विद्यार्थ्यांनी घरी वाचायची होती. तिसरे सर शिकवता शिकवता स्वतःच पंथ बदलून निघून गेले.

दानसाहेब चहा संपवून म्हणाले, की आता आम्हाला असं माणूस पाहिजे ज्याला यातल्या कुणाचंच काही पडलेलं नाही. मी म्हटलं, मी बौद्ध आहे. ते म्हणाले, तेच पाहून आलोय.

माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "काहून, तुले घरी करमून नाही राहिलं का? बुद्धाचं शिकवाले कोणी बोलावत नाही, अन् तू येशूचं शिकवाले चालली."

मी गेले. एक कारण करमत नव्हतं हे होतंच. दुसरं कारण सांगायला हवं. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबांनी तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा गावानं विहिरीपासून किराणा दुकानापर्यंत त्यांच्याशी काय काय केलं, ते आम्ही भावंडं जेवता जेवता ऐकत मोठी झालो. धर्माच्या नावानं माणूस उठतो तेव्हा त्याच्या घरात नेमकं काय होतं हे मला ठाऊक होतं. पण त्या सहा कारणांत आणि आठ परिणामांत ते कुठं बसत नव्हतं, म्हणून मी ते कधी शिकवलं नाही.

वर्गात अकरा जण होते. अकराही कुठं ना कुठं उपदेशक. आणि बारावी एक नन, कॅथलिक. ती खरं तर ग्रंथालयात वाचायला यायची, पण दार उघडं दिसलं की मागे येऊन बसायची. पापक्षमेची पत्रं विकण्याचा धडा आला तेव्हा अकराच्या अकरा माना तिच्याकडे वळल्या. सिस्टर शांतपणे म्हणाली, "लिखिए, लिखिए, सच है. बस, आगे का पाठ भी लिखिएगा." पुढच्या पाठात तिच्या चर्चनं स्वतःला कसं सुधारलं ते होतं. तो तिनंच अर्धा शिकवला आणि माझ्यापेक्षा बरा शिकवला.

रायपुरातल्याच गुढियारीचे ब्रदर प्रकाश एका टायरच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेऊन स्वतःची मंडळी, म्हणजे स्वतःचं छोटं चर्च, चालवत. मी सनावळी सांगितली की ते 'आमेन' म्हणत. माझ्या एकतीस वर्षांत सनावळीला असा प्रतिसाद मिळाला नव्हता.

आणि टांडी. अभनपूरच्या पुढं एका गावातल्या जुन्या चर्चमध्ये हे पास्टरच्या हाताखालचे उपदेशक होते. वय चाळिशीचं, आधी राइस मिलचा ट्रक चालवायचे. मोठ्या अक्षरात, ओळ सोडून लिहायचे. त्यांचे प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. पहिल्याच दिवशी आढावा घेताना जर्मन साधूला धर्माबाहेर काढलं असं मी सांगितलं, तर टांडींनी विचारलं की मग तो राहायला कुठं गेला? महाविद्यालयात हा प्रश्न कधी आला नाही, कारण तिथं सगळे आईबापांच्या घरी राहत. इथं अकरापैकी नऊ जण चर्चनं दिलेल्या क्वार्टरमध्ये राहत होते. मी घरी जाऊन शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं: तिथल्या राजानं त्याला आधी एका किल्ल्यात लपवलं, आणि मठ रिकामा झाल्यावर तीच इमारत राहायला दिली. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. वर्गाचा जीव भांड्यात पडला.

मग तो धडा आला. साधूनं आपले पंच्याण्णव मुद्दे चर्चच्या दाराला ठोकले तो. मी तो रंगवून सांगते, माझी ती खासियत होती. टांडींनी विचारलं की दारावर कशाला, चिठ्ठी पण देता आली असती. मी समजावलं की त्या गावात चर्चचं दार म्हणजे सूचनाफलकच होता. शिवाय त्यानं कागद खरंच ठोकला की नाही याबद्दल जाणकारांना शंका आहे, चिठ्ठी मात्र त्यानं नक्की पाठवली होती. हे मी जाता जाता सांगितलं. जाता जाता सांगितलेलं कुणी लिहून घेत नाही. त्यानंतर मी सांगितलं की त्याची खरी करामत दारावरचा कागद नव्हे. त्यानं बायबल घराघरातल्या बायकांच्या बोलीत आणलं, ती खरी करामत. टांडी त्या दिवशी काही लिहीत नव्हते. मला वाटलं, पेन संपलं असेल.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्या चर्चच्या दारावर एक कागद होता. सेलोटेपनं चिकटवलेला, कारण दार सागवानी होतं आणि खिळा मारला असता तर नुकसानीचा मुद्दा निघाला असता. कागद छत्तीसगढीत होता. जर्मन साधूचा लॅटिनमध्ये होता, त्याच्या गावातल्या बायकांना तो वाचून दाखवला असता तरी कळला नसता. टांडींनी ही चूक सुधारली होती.

मुद्दे सात. महिन्यातून एका रविवारी तरी उपदेश छत्तीसगढीत व्हावा, कारण शुद्ध हिंदी म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून जाते. 'हमर दाई मन ला आगू म बइठाव', म्हणजे आमच्या आयांना पुढच्या बाकांवर बसवा, त्यांना ऐकू येत नाही. पुढचे बाक दोन जुन्या घराण्यांनी अडवले होते, आणि ती घराणी आता रायपुरात राहून रविवारी मोटारीनं येत. कमिटीची निवडणूक व्हावी. कबरीची जागा घराणं पाहून नको, मरणाच्या क्रमानं द्यावी. पाचवा आणि सहावा असेच. सातवा मुद्दा असा होता, की पास्टरसाहेबांनी कधीतरी आमच्या पाऱ्यातही चहा प्यायला यावं. पारा म्हणजे वस्ती. पास्टरसाहेब चौदा वर्षांत त्या वस्तीत फक्त मयताला गेले होते, आणि मयताच्या घरी चहा नसतो.

उपासना संपायच्या आत कागदाचा फोटो रायपूरपर्यंत पोहोचला.

बुधवारी मला बोलावणं आलं. टांडींच्या चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष मसीहसाहेब, निवृत्त अभियंता, अत्यंत सभ्य गृहस्थ. बिस्किटं चांगली होती. त्यांनी विचारलं की मॅडम, आपण नेमकं काय शिकवलंत? मी अभ्यासक्रमाची प्रत पुढं केली. तिच्यावर शाळेच्या कार्यकारिणीच्या सह्या होत्या आणि तिसरी सही मसीहसाहेबांचीच होती. त्यांनी ती चष्मा काढून पाहिली, मग चष्मा लावून पाहिली.

"ये सब तो हमने भी पढ़ा है, मैडम," ते म्हणाले. "लेकिन वो जर्मनी की बात थी. आप इतिहास ज़रूर पढ़ाइए, पर ऐसे कि वो इतिहास ही रहे."

मला हसू येत होतं. एकतीस वर्षं मी अगदी असंच शिकवलं होतं, आणि एकदाच हात चुकला होता. मग त्यांनी एक कोरा कागद पुढं केला. फक्त एवढं लिहून द्या, ते म्हणाले, की असं काही करायला आपण सांगितलं नव्हतं. औपचारिकता आहे.

मी लिहून दिलं. 'मी केवळ मान्य अभ्यासक्रम शिकवला. विद्यार्थ्यांना कोणत्याही कृतीस प्रवृत्त केले नाही.' हिंदीत, नीट अक्षरात, खाली सही. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. दानसाहेबांची शाळा अडचणीत येऊ नये असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला घाई होती. त्या खोलीतून बाहेर पडायची घाई.

त्या कागदाचा उपयोग काय झाला ते आठवड्याभरानं कळलं. शिकवणारीनंच हात झटकले, म्हणजे हे सगळं टांडीच्या डोक्यातून निघालं, असं ठरलं. त्यांना उपदेशकपदावरून काढलं आणि महिन्याच्या आत क्वार्टर खाली करायला सांगितलं. जर्मन साधूला लपवायला राजा होता. टांडींकडे राजा नव्हता, मी होते. आणि मी खुलासा लिहून दिला होता.

मी घरी यजमानांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुह्या बाबांच्या वक्ताले गावच्या मास्तरानं असंच लिवून देलं होतं ना?" दिलं होतं, की यात आपला काही हात नाही. मला आठवत नव्हतं अशातला भाग नाही.

पुढच्या शनिवारी मी अभनपूरची बस धरली. टांडींचं सामान पडवीत आलं होतं. ते स्वतः खोली शोधायला गेले होते. घरात त्यांची बायको रोशनी एकटी भांडी गोणपाटात बांधत होती. ती गावात मितानिनचं काम करते, म्हणजे आपल्याकडची आशाताई. बाळंतपणं, लसी, सगळ्या वस्तीला तिचा फोन पाठ. तिनं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा भांडी बांधायला लागली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की सगळं ठीक होईल.

तेव्हा ती थांबली. "मैडम, आपने इनको बताया कि वो आदमी आख़िर में जीत गया," ती म्हणाली. "ये नहीं बताया कि कितने दिन में."

मी किती दिवस ते मनात मोजलं आणि तिला सांगितलं नाही.

टांडी आता काय करणार, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. हा नवीन चर्च काढणार. अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध तेच सांगत होता. एक बाहेर पडला, त्याच्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. इंग्लंडच्या राजाला घटस्फोट हवा होता म्हणून एक पंथ निघाला, बाप्तिस्मा देताना पाण्यात किती बुडवायचं यावरून आणखी काही निघाले, आणि जहाजातून, मग बैलगाडीतून यांतले कितीतरी छत्तीसगढच्या भाताच्या शेतांपर्यंत येऊन पोहोचले. मसीहसाहेब म्हणाले की आता दुकान उघडेल बघा. आणि ब्रदर प्रकाश खरोखरच टांडींकडे गेले. माझा हॉल सकाळी नऊपर्यंत मोकळा असतो, ते म्हणाले, तू तुझी मंडळी काढ, मी मदत करतो. माणूस मनापासून बोलत होता.

टांडी नाही म्हणाले. का, ते त्यांनी मला वर्गाच्या पायऱ्यांवर सांगितलं. नोकरी गेली तरी त्यांनी वर्ग सोडला नव्हता. गुढियारीत मालधक्क्यावर ट्रक चालवून ते थेट वर्गाला येत, अंगाला सिमेंटचा वास असे. दोन सुधारक एकदा एका किल्ल्यात भेटले, पंधरा मुद्द्यांपैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचं जमलं आणि एकावरून ते कायमचे वेगळे झाले, हा धडा मी पंधरा मिनिटांत उरकला होता. टांडींना तो शब्दन् शब्द आठवत होता.

"चौदह बातें छोड़कर एक पर चले गए," ते म्हणाले. "हमारी तो कुल सात ही हैं, मैडम. जाऊँगा कहाँ?"

आणि दर रविवारी ते पूर्वीच्याच चर्चमध्ये जाऊन बसू लागले. शेवटच्या बाकावर, म्हाताऱ्या बायकांमध्ये. उपदेशकाला काढता येतं. पण शेवटच्या बाकावर शांत बसलेल्या माणसाला काढायचा नियम चर्चच्या घटनेत नव्हता. मसीहसाहेबांनी ती दोनदा चाळली म्हणतात. पास्टरसाहेब हिंदीत उपदेश करत, आणि शेजारच्या म्हाताऱ्या सुखबती दाईसाठी टांडी तो हलक्या आवाजात छत्तीसगढीत सांगत. दाईला ऐकू कमी येई, त्यामुळे आवाज थोडा चढवावा लागे. मग लगतच्या पुढच्या बाकावरच्या दोघी मागं सरकल्या. मग त्यांच्या सुना, आणि होता होता मोटारीनं येणारीही.

मी एका रविवारी पाहायला गेले. पुढचे पाच बाक रिकामे होते, मागं माणूस माणसाला खेटून बसलं होतं. पास्टरसाहेब एक वाक्य बोलून थांबत. आधी मला वाटलं, की ते विचार करायला थांबतात. मग लक्षात आलं, ते मागचं भाषांतर पूर्ण व्हायची वाट पाहत होते. ते वाईट मनुष्य नव्हते. फक्त चौदा वर्षं त्यांना समोरून काहीच ऐकू आलं नव्हतं.

दीड वर्ष हे चाललं. त्या दीड वर्षात टांडींनी तीन खोल्या बदलल्या. आमचा पेपर झाला. धर्मसुधारणेचे परिणाम लिहा या प्रश्नाला त्यांनी आठांपैकी पाच परिणाम लिहिले. मी त्यांना पाचांचेच गुण दिले. मास्तरकी अशीच असते.

शेवटी कमिटीनं ठराव केला, की मंडळीच्या आध्यात्मिक गरजा लक्षात घेऊन महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना छत्तीसगढीत होईल. ठरावात टांडींचं नाव नव्हतं. चर्चच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला मलाच सांगितलं, तटस्थ म्हणून. मी दारावरच्या कागदावर एक परिच्छेद लिहिला, आणि माझ्या खुलाशावर एक वाक्य. छापून आलं तेव्हा दोन्ही नव्हतं. 'कमिटीच्या दूरदृष्टीने' असे दोन शब्द त्या जागी होते. बाकीच्या सहा मुद्द्यांपैकी पुढचे बाक आपोआप सुटले, कारण तिथं बसायला आता कुणी भांडत नव्हतं. निवडणूक अजून झालेली नाही. चहा झाला. रोशनीनं केला होता. साखर जास्त पडली होती असं ती सांगते, पण पास्टरसाहेबांनी दोन कप घेतले.

पहिल्या छत्तीसगढी उपासनेला मी गेले. मसीहसाहेबांनी रायपूरहून एक विद्वान पाहुणे आणले होते. त्यांनी हिंदीत लिहून आणलेला उपदेश उभ्या उभ्या छत्तीसगढीत करत करत वाचायला सुरुवात केली. शब्द छत्तीसगढी होते, वाक्यं कुठली होती ते देव जाणे. दहा मिनिटांनी सुखबती दाईनं टांडींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "का कहत हे, बेटा?"

काय म्हणतोय हा? लोक हसले. पाहुणेही हसले, हे त्यांच्या मोठेपणात धरायला हवं. टांडींनी छत्तीसगढीचं छत्तीसगढीत भाषांतर सुरू केलं.

उपासना संपल्यावर मी अंगणात त्यांना गाठलं. दीड वर्ष जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले. म्हटलं, तो कागद मी लिहून द्यायला नको होता. मला तो परत घ्यायला हवा होता. अजून कमिटीच्या फायलीत आहे.

टांडी दाईला पायऱ्या उतरवत होते. एक हात तिच्या कोपराखाली होता, म्हणून ते माझ्याकडे वळले नाहीत.

"उसमें झूठ क्या था, मैडम?" ते म्हणाले. "आपने सचमुच नहीं कहा था. मैंने ही सुन लिया."